प्रार्थना चुकत नाही, तरी झोप का लागत नाही?

वाचकाचे पत्र

आदरणीय ताई, प्रभूच्या नावात सलाम. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावातला शेतकरी आहे. वय 49. गावात ख्रिस्ती घरे अकरा आहेत आणि आजोबांपासून आम्ही मंडळीत आहोत. मी रोज पहाटे प्रार्थना करतो, शुक्रवारी उपवास धरतो, रविवारची उपासना चुकवत नाही. तरीही गेल्या आठ-नऊ महिन्यांपासून मनाला शांती नाही. रात्री दोनला जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. सोसायटीचे कर्ज थकले आहे. यंदा कापूस दोन वेचण्यांतच आटोपला. धाकट्या भावाशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पाच वर्षांपासून बोलणे बंद आहे. वडील वारले त्या वर्षी नांगरताना ट्रॅक्टरवाल्याने दोन तास (नांगराच्या ओळी) त्याच्या बाजूला जास्त मारले. मी काही सांगून करवले नव्हते, पण त्याने गावासमोर मला चोर म्हटले. तो मंडळीत माझ्या दोन बाकं पुढे बसतो. सध्या हरभऱ्यात रानडुकरे येतात म्हणून मी जागलीला असतो. तोही त्याच्या वावरात असतो, त्याच्या बॅटरीचा उजेड दिसतो. त्याची आठ वर्षांची मुलगी मात्र रस्त्यात भेटली की ‘मोठे बाबा’ म्हणून हाक मारते. बाहेरून आलेले एक प्रचारक सभेत म्हणाले की ज्याला शांती नाही त्याचा विश्वास खरा नाही. कधी कधी वाटते, सगळे सोडून कुठेतरी निघून जावे. माझा विश्वास खोटा आहे का?

– एक शेतकरी भाऊ

उत्तर

प्रिय भाऊ,

तुम्हाला प्रभूमध्ये सलाम. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्यांदा वाचताना एका वाक्यापाशी थांबले. त्या वाक्याकडे मी पुढे येणार आहे. परंतु तुम्ही शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो प्रश्न उशाशी घेऊन तुम्ही आणखी एकही रात्र जागावे असे मला वाटत नाही. तुमचा विश्वास खोटा नाही. जो माणूस कर्ज थकलेले असताना, पीक हातचे गेलेले असताना आणि झोप उडालेली असताना पहाटे उठून देवासमोर बसतो, त्याच्या विश्वासाला खोटे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही प्रचारकाला नाही.

स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत, आणि त्यांतली कितीतरी स्तोत्रे रडणाऱ्या, तक्रार करणाऱ्या, देवाला ‘कुठवर?’ असे विचारणाऱ्या माणसांची आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याच्या शेवटच्या ओळीतही उजाडत नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, मंडळीत वाचले जाते. गेथशेमाने बागेतल्या त्या रात्री प्रभू येशूने शिष्यांना सांगितले की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, आणि मग एकच प्रार्थना त्याच शब्दांत तीन वेळा केली. मत्तयाने हे लपवले नाही. ज्या प्रभूचे नाव आपण घेतो तो स्वतः घामाघूम होऊन त्या बागेत पालथा पडला होता, तेव्हा अस्वस्थ मनाच्या माणसाला अविश्वासू ठरवणे हे शास्त्राला धरून नाही, एवढे मी तुम्हाला खात्रीने सांगू शकते.

आता तुमच्या ‘निघून जावे’ या शब्दांविषयी. मी बत्तीस वर्षे एका मिशन दवाखान्यात परिचारिका होते, आणि आपल्या भागात शेतकरी माणूस असे लिहितो तेव्हा ते वाक्य ओलांडून पुढे जायचे नसते, हे मी शिकले आहे. म्हणून स्पष्ट विचारते: निघून जावे म्हणजे गाव सोडावे असे वाटते, की जगणे सोडावे असे वाटते? दुसरे असेल तर हे पत्र बाजूला ठेवा, आज घरात वहिनींना सांगा आणि 14416 या क्रमांकावर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. पहिले असले तरीही, आठ-नऊ महिने रात्री दोनला जाग येत असेल तर ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना ते सांगायला हवे. रक्तदाब, साखर, थायरॉईड, मनाचा आजार, यांपैकी काहीही असू शकते, आणि त्याचे औषध घेणे म्हणजे देवावरचा भरवसा कमी होणे असे मुळीच नाही.

राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय तुम्ही वाचला असेल. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय पाहिलेला एलीया ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळून जातो, एका झुडपाखाली बसतो आणि ‘आता पुरे, माझा प्राण घे’ असे देवाला म्हणतो. देव त्याला रागावत नाही, वचन ऐकवत नाही, त्याच्या विश्वासाची परीक्षाही घेत नाही. एलीया झोपतो, देवदूत त्याला हात लावून उठवतो, उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई असते. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो आणि म्हणतो की खाऊन घे, वाट फार लांबची आहे. होरेब डोंगर, वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरची ती मंद वाणी हे सारे नंतर येते. भाकर आणि झोप आधी येते. तुम्ही सध्या रात्रभर जागलीला बसता आणि शुक्रवारी उपाशी राहता. माझी विनंती आहे की हरभरा निघेपर्यंत तुमचा शुक्रवारचा उपवास थांबवावा. तुमचे पाळकसाहेबही याला नाही म्हणणार नाहीत.

हे झाले शरीराचे. आता शांतीविषयी.

आपण मराठी ख्रिस्ती माणसे शांती म्हटले की मनाची एक निवांत अवस्था समजतो. पाऊस पडून गेल्यावर वावर जसे निपचित दिसते तशी. शास्त्रातला अर्थ यापेक्षा मोठा आहे. जुन्या कराराच्या इब्री भाषेतला ‘शालोम’ हा शब्द पूर्ण असण्याशी, काही मोडलेले, उणे न राहण्याशी जोडलेला आहे. त्यात तब्येत येते, घर येते, शेजार येतो, देवाशी असलेले नाते येते. म्हणून एखाद्या माणसाचे भावाशी तुटलेले असेल आणि त्याच्या मनाला सारखे काहीतरी उणे असल्याचे जाणवत असेल, तर शास्त्राच्या दृष्टीने त्याचे मन बिघडलेले नाही. ते ठीक काम करते आहे. जे तुटले आहे ते तुटले आहे असे ते त्याला रात्री दोन वाजता सांगते आहे.

आणि दुसरी गोष्ट. पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला पत्र लिहिले तेव्हा तो बंदिवासात होता. त्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो म्हणतो की कशाचीही चिंता करू नका, सर्व गोष्टी आभारासह देवाला कळवा, म्हणजे बुद्धीपलीकडची देवाची शांती तुमची अंतःकरणे आणि विचार ख्रिस्त येशूच्या ठायी ‘राखील’. हा ‘राखील’ शब्द आपल्या मराठी बायबलात किती नेमका पडला आहे! मूळ ग्रीक शब्द नगरावर पहारा ठेवणाऱ्या सैनिकांच्या कामाचा आहे. तुम्ही शेतकरी आहात. राखण म्हणजे काय हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. जागलीचा माणूस मचाणावर बसला म्हणून रानडुकरे जंगलातून नाहीशी होत नाहीत. ती येतात, धुऱ्यापर्यंत येतात, कधी दोन-चार तासांची नासाडीही करून जातात. पण वावर बेवारस नसते. पौल ज्या शांतीविषयी लिहितो ती अशी राखणदार आहे. चिंता येणार, कर्जाची येईल, मुलांची येईल, भावाची येईल. तुम्ही मात्र शांतीला पीक समजून वाट पाहत आहात, की इतके उपवास पेरले, इतक्या प्रार्थना घातल्या, आता ती उगवायला हवी. उगवली नाही म्हणून बियाणेच खोटे होते का, अशी शंका तुम्हाला येते आहे. ती शंका सोडून द्या. राखणदार उगवत नसतो, त्याला बोलवावे लागते, आणि तो आल्यावर सर्वांत आधी कुंपण कुठे उघडे पडले आहे ते पाहतो.

इथे मी तुमच्या त्या वाक्यापाशी येते. ‘ट्रॅक्टरवाल्याने दोन तास त्याच्या बाजूला जास्त मारले, मी काही सांगून करवले नव्हते, पण त्याने गावासमोर मला चोर म्हटले.’ भाऊ, या एका वाक्यात तुम्ही भावाच्या तोंडच्या शब्दाला अर्धे वाक्य दिले आहे आणि त्या दोन तासांना केवळ एक वळसा. तुम्ही सांगून करवले नव्हते हे मी पूर्णपणे मानते. परंतु त्या वर्षी पेरणी कोणी केली? त्यानंतरच्या चार हंगामांत ते दोन तास कोण वाहत आले? तुमच्या पत्रात कुठेही असे लिहिलेले नाही की चूक कळल्यावर मी धुरा मागे घेतला. लिहिले असते तर हे पत्र वेगळे झाले असते. तुम्ही खोटे लिहिले नाही, आणि जे लिहिले नाही तेच तुम्हाला रात्री उठवते आहे, असे मला वाटते.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतले ना. वा. टिळक यांची हकीकत तुम्ही मंडळीत ऐकली असेल. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि तो वाचताना डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांचे मन अडकले. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांना लगेच सुखशांती मिळाली असे झाले नाही. घर फुटले, लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. ज्या तीन अध्यायांनी त्या विद्वान कवीला धरून ठेवले तेच मत्तयाचे पाचवा, सहावा आणि सातवा हे तीन अध्याय मी तुमच्यापुढे ठेवते. तुमच्या पत्रातले जवळजवळ सर्व काही त्यांत आहे: उपवास, कर्ज, उद्याची चिंता आणि भाऊ.

पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो की तू आपले दान वेदीजवळ आणले असता तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला तेथे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग येऊन दान अर्पण कर. शब्द नीट पाहा. भावाविरुद्ध तुझ्या मनात काही असेल तर, असे इथे म्हटलेले नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असे म्हटले आहे. त्याने तुम्हाला चोर म्हटले याचे दुःख खरे आहे, आणि अपराध करणाऱ्या भावाकडे कसे जावे हे मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे. पाच वर्षे तुम्ही अठराव्या अध्यायात बसून आहात आणि त्याने येऊन क्षमा मागावी याची वाट पाहता आहात. तुमची जागा मात्र आधी पाचव्या अध्यायात आहे. तिथून सुरुवात झाली तर अठरावा अध्याय उघडण्याची गरजही कदाचित पडणार नाही.

धुऱ्याचा वाद ही संसारातली क्षुल्लक गोष्ट आहे आणि अध्यात्माशी तिचा संबंध नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याने शास्त्र वाचलेले नाही. वडिलांनी घातलेली मेर सारू नये असे नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायात आहे. अनुवादाच्या सत्ताविसाव्या अध्यायात शेजाऱ्याची मेर सारणाऱ्यावर शाप उच्चारला जातो आणि सर्व लोकांनी त्यावर ‘आमेन’ म्हणायचे असते. गणनेच्या पाचव्या अध्यायात नुकसान भरून देताना मूळ रकमेवर पाचवा हिस्सा जास्त द्यायला सांगितले आहे, आणि जकातदार जक्कयाने तर प्रभूसमोर उभे राहून चौपट देण्याचे कबूल केले. देवाला जमिनीच्या दोन तासांची फिकीर आहे. मला तर यात मोठे सांत्वन वाटते, कारण ज्या देवाला धुऱ्याची फिकीर आहे त्याला सोसायटीच्या थकबाकीची आणि दोन वेचण्यांत संपलेल्या पऱ्हाटीचीही फिकीर असणार.

मी हे दुसऱ्याच्या वावरात उभे राहून सांगत नाही. आईच्या मातीच्या दिवशी माझ्या मोठ्या बहिणीला मी एक वाक्य बोलले होते. ते इथे लिहिणार नाही. तिने आईची जी सेवा केली होती तिच्यावर ते वाक्य होते आणि ते खोटे होते. त्यानंतर सहा वर्षे आम्ही एकमेकींच्या दारात गेलो नाही. त्या सहा वर्षांत मी प्रार्थना सभा चालवत होते, आजाऱ्यांच्या खाटेशी बसून शांतीची वचने वाचत होते, आणि प्रभुभोजनाचा प्याला हातात आला की माझी नजर खाली जात असे. शेवटी एका जानेवारीत, हातात काहीही न घेता, एसटीने तिच्या गावी गेले. दार तिनेच उघडले. मी वाटेत तयार केलेले बोलणे सुरू केले, तेव्हा ती म्हणाली, ‘आधी हात धू, भाकर खा.’ चुलीपाशी बसून मी ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी खाल्ली आणि मग म्हणाले, ‘ताई, मी त्या दिवशी खोटं बोलली.’ ती बराच वेळ काही बोलली नाही. तव्यावरची भाकर करपल्याचा वास आला तेव्हा तिने ती उलटली. आम्ही गळ्यात पडून रडलो वगैरे काही झाले नाही. घरी आल्यावर त्या रात्री मला झोपही लागली नाही. साधारण पंधरा दिवसांनी एका सकाळी लक्षात आले की रात्रभर जाग आली नव्हती.

तेव्हा तुम्ही भावाकडे जा, आणि जाताना काही गोष्टी सांभाळा. मंडळीत सर्वांसमोर, उपासनेनंतरच्या गर्दीत बोलू नका. तिथे त्याला नाही म्हणणे कठीण जाते आणि हो म्हणणे त्याहून कठीण. पाळकसाहेबांना मध्यस्थ म्हणून आधी नेऊ नका, एकट्याने जा. त्यांना फक्त प्रार्थना करायला सांगा. त्याने तुम्हाला चोर म्हटले हा विषय त्या दिवशी काढू नका, कितीही ओठावर आला तरी काढू नका. स्वतःचे तेवढे सांगा: ‘त्या वर्षी दोन तास तुझ्या बाजूला जास्त मारले गेले, मी मुद्दाम केलं नव्हतं, पण कळल्यावर मी ते सोडलेही नाहीत. ती माझी चूक झाली.’ हे मधले वाक्य सर्वांत जड जाईल. ते गाळून उरलेले बोललात तर जाणे व्यर्थ होईल.

शब्दांच्या मागे कृती हवी. हरभरा निघाल्यावर वावरे मोकळी होतात, तेव्हा धुरा स्वच्छ दिसतो. नांगरणीच्या आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि मोजणीची फी तुम्ही भरा. खुणा जिथे निघतील तिथे दोघांनी मिळून दगड रोवा. मोजणीत कदाचित असेही निघेल की तुमच्याकडे दोन नाही, एकच तास आला होता, किंवा वडिलांच्या काळापासूनच धुरा वाकडा होता. जे निघेल ते निघू द्या. आणि मोजणी होईपर्यंत येत्या खरिपात ते दोन तास त्याने वाहावेत असे तुम्ही होऊन म्हणा. उत्पन्नाच्या हिशेबात हे फार मोठे नाही, पण भावाच्या दृष्टीने तुमच्या प्रार्थनेपेक्षा ते जास्त बोलेल.

तो ऐकून घेणार नाही, असेही होऊ शकते. तो दार लावून घेईल, टोचून बोलेल, गावात सांगेल की बघा, शेवटी कबूल केलं. याची तयारी मनात ठेवूनच जा. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल सर्व माणसांबरोबर शांतीने राहायला सांगतो, आणि त्याला ‘तुमच्याकडून होईल तितके’ अशी जोड देतो. मला हे शब्द फार दयाळू वाटतात. भावाच्या मनाचा धुरा तुमच्या ताब्यात नाही. तुमच्याकडून होईल तितके झाले की उरलेले देवाकडे सोपवायचे. त्यानंतरही दुःख राहील, पण रात्री दोन वाजता जे उठवते ते निराळे असते, हे मी अनुभवाने सांगते.

कर्जाविषयी थोडक्यात लिहिते. सोसायटीच्या सचिवांना टाळू नका, मार्च उजाडण्याआधी जाऊन पुनर्गठनाचे काय होऊ शकते ते विचारा आणि आकडा वहिनींना खरा सांगा. लपवलेला आकडा घरात एकटाच वाढत राहतो. आणि प्रभूची प्रार्थना म्हणताना एका ओळीवर जरा थांबत जा. आपल्या मराठी मत्तयात ती अशी आहे: ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड.’ ऋण हा शब्द ज्याच्या सातबाऱ्यावर बोजा आहे त्याला जसा कळतो तसा दुसऱ्याला कळणार नाही. तिच्या आधीच्या ओळीत आजच्या भाकरीपुरतेच मागणे आहे. वर्षाच्या पिकाचे किंवा पुढच्या हंगामाचे मागणे त्यात नाही.

राहिली रोजची प्रार्थना. माझी आजी बायबलबाई होती; वऱ्हाडातल्या गावोगावी बैलगाडीने आणि पायी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायची. घरी तिचे बायबल एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले असायचे. रात्री जेवणे झाली की कंदिलाची वात उतरवून ती एकच स्तोत्र मोठ्याने वाचायची, पुस्तक पुन्हा गुंडाळायची आणि मग नुसती बसायची. आम्ही पोरे कंटाळायचो. मी एकदा विचारले की तू काहीच का म्हणत नाहीस, तर ती म्हणाली, ‘माझं बोलून झालं, आता त्याचं ऐकून घेतो.’ त्यानंतर ती एकेक नाव घ्यायची. त्यात ज्यांच्याशी तिचे पटत नसे त्यांचीही नावे असत, आणि ती नावे घेताना तिचा आवाज जरा हळू होई, एवढेच.

तुम्ही पहाटेची प्रार्थना करता ती तशीच चालू द्या, पण तिच्यातली मागणी कमी करा. तुमच्या पत्रावरून मला असे वाटते की तुम्ही रोज शांती मागता, आणि मागून झाल्यावर ती आली का ते मनात चाचपून पाहता. जमिनीत टाकलेले दाणे रोज उकरून पाहण्यासारखे ते आहे. त्याऐवजी रात्री, मचाणावर असाल तर मचाणावर, चौथे स्तोत्र म्हणा. आठच ओव्या आहेत, चार दिवसांत पाठ होईल. त्यात रागावलेल्या माणसाला अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःच्या मनाशी बोलून स्तब्ध राहायला सांगितले आहे. दुसऱ्यांच्या घरी धान्य आणि द्राक्षारस उदंड झाल्यावर त्यांना होणाऱ्या आनंदापेक्षा मोठा आनंद देवाने माझ्या मनात घातला आहे, असे ते म्हणते. ज्या वर्षी आपला कापूस बुडाला आणि शेजाऱ्याचा चांगला झाला त्या वर्षी ही ओळ उच्चारायला बळ लागते, म्हणून ती मोठ्याने म्हणा. शेवटच्या ओवीत तो माणूस स्वस्थपणे पडतो आणि झोपी जातो. राग, धान्य, झोप या क्रमाने ते स्तोत्र चालते. ते म्हणून झाल्यावर नावे घ्या, आणि पहिले नाव भावाचे घ्या. सुरुवातीला नावापुढे काही मागता येणार नाही. नुसते नाव घेतले तरी चालेल.

मन फारच काळवंडले तर चौथे राहू द्या आणि अठ्ठ्याऐंशीवे वाचा.

रविवारी दुपारी वावरात जाऊ नका, एवढी एक विनंती आणखी. वेचणीच्या दिवसांत मजूर रविवारीच मिळतात, ही अडचण मला माहीत आहे. पण चौथ्या आज्ञेत विसावा गुराढोरांनाही सांगितला आहे, आणि आपल्याकडे तर पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत. बैलाला जे मिळते ते तुम्ही स्वतःला द्या. उपासनेहून घरी या, जेवा, झोप लागो न लागो, आडवे व्हा. आणि पुढच्या प्रभुभोजनाची तारीख पाळकसाहेबांना विचारून ठेवा. तिच्या आधी भावाकडे जाऊन यायचे असे ठरवले तर पाय निघायला सोपे जाते.

तुम्ही लिहिता की रात्री त्याच्या बॅटरीचा उजेड तुम्हाला दिसतो. मग तुमचाही त्याला दिसत असेल. एका धुऱ्याच्या दोन बाजूंना, त्याच रानडुकरांसाठी, दोघे भाऊ जागे आहात. भेटीसाठी दिवस आणि निमित्त शोधत असाल तर मला याहून चांगली जागा सुचत नाही: आसपास कोणी नाही, दोघांनाही झोप नाही, आणि वाद ज्या मातीचा आहे तीच पायाखाली. दुरून हाक देऊन, नाव सांगून जा, म्हणजे अंधारात तो दचकणार नाही. शेकोटी असेल तर तिच्याजवळ बसा. पहिले वाक्य सुचले नाही तर मुलीची विचारपूस करा. ‘मोठे बाबा’ म्हणून हाक मारायला तिला घरात कोणीतरी शिकवले असेल, आणि गेल्या पाच वर्षांत कोणी ते विसरायला लावलेले नाही.

तुमचे आणि तुमच्या भावाचे, दोघांचे नाव मी आजपासून रात्री घेणार आहे. तुम्ही पत्रात नावे लिहिलेली नाहीत, तरी देवाला ती माहीत आहेत. जाऊन आल्यावर, जसे होईल तसे, मला कळवा.

तुमची,
ताई